मोठ्या वयात मराठी ब्रेल: डोकं पुढे धावतं, बोट मागे राहतं

दृष्टी गेलेल्या मोठ्या माणसाने ब्रेल शिकायचं ठरवलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, "आता या वयात एवढी अक्षरं लक्षात राहतील का?" राहतात. ज्याला मराठी लिहिता-वाचता येत होतं, त्याला ब्रेलच्या खुणा पाठ करायला काही आठवडे पुरतात. अडतं ते बोटाशी. कागदावरचा अर्धा मिलिमीटर उंचीचा ठिपका ओळखणं, दोन ठिपक्यांमधलं अडीच मिलिमीटरचं अंतर जाणणं आणि ओळ न सोडता पुढे सरकणं, हे बोटाला शिकायला महिने लागतात. बहुतेक जण पहिल्या दोन-तीन महिन्यांत सोडून देतात ते याच कारणाने. सगळी अक्षरं तोंडपाठ असतात, पण पानावर बोट ठेवलं की सगळा खरखरीत कागद लागतो. मग "आपल्याला जमत नाही" असा निष्कर्ष निघतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की डोक्याचं वेळापत्रक वेगळं आणि बोटाचं वेगळं. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

आधी हे ठरवा: ब्रेल कशासाठी हवं?

फोन बोलतो, संगणक बोलतो, पुस्तकं कानांनी ऐकता येतात. मग ब्रेल कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. फक्त कादंबऱ्या 'वाचायच्या' असतील तर माझा सल्ला सरळ आहे, ऐका. सराईत ब्रेल वाचकही सहसा डोळ्यांनी वाचणाऱ्यापेक्षा हळू वाचतो आणि उशिरा शिकलेला माणूस त्याहून हळू. पण डब्यात हळद आहे की जिरं, कोणाचा फोन नंबर काय, सभेत चार शब्द बोलायचे तर पुढचा मुद्दा कुठला, आडनाव 'ळ'ने लिहितात की 'ल'ने, हे ऐकून भागत नाही. ऐकलेला शब्द कसा लिहितात हे कानाला कळत नाही. शिवाय कानात दुसऱ्याचा आवाज असताना आपण बोलू शकत नाही, बोटाखाली कागद असला तर बोलता येतं.

म्हणून पहिल्या सहा महिन्यांचं ध्येय 'पुस्तक वाचणं' ठेवू नका. घरातले डबे, फोन नंबर, स्वतःची छोटी टिपणं आणि पत्त्यांचा डाव, एवढं पुष्कळ झालं.

थोडी दृष्टी शिल्लक असेल आणि ती हळूहळू जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर शिकायची वेळ आत्ताच आहे. मात्र अशा वेळी डोळे मध्ये पडतात. पांढऱ्या कागदावरच्या ठिपक्यांच्या सावल्या बघून माणूस वाचतो आणि बोट नुसतं सोबत फिरतं. उपाय साधा आहे, हातांवर टॉवेल टाकून त्याखाली वाचा.

बोटाची चाचणी

दोन्ही हातांची सगळी बोटं तपासा. बहुतेकांची तर्जनी चालते, पण काहींची मधली जास्त तल्लख निघते. उजवा हात लिहिण्याचा म्हणून वाचण्याचाही तोच, असं काही नसतं. शेतात, यंत्रावर किंवा स्वयंपाकघरात वर्षं काढलेल्यांची बोटं घट्टे पडून जाड झालेली असतात. त्यांनी रात्री कोमट पाण्यात हात भिजवून तेल लावावं, पण वाचनाच्या आधी लगेच नको, कारण तेलकट बोट घसरतं. गार हातांनाही नीट कळत नाही. थंडीत आधी हात चोळून घ्या.

मधुमेहामुळे दृष्टी गेलेले विद्यार्थी बरेच असतात आणि त्यांच्या बोटांची संवेदनाही कमी झालेली असू शकते. म्हणून ब्रेल अशक्य असं मात्र नाही. आधी एक ठिपका आणि दोन ठिपके यांतला फरक कळतो का ते पाहा. कळत नसेल तर मोठ्या आकाराचं, मोकळ्या अंतराचं ब्रेल वापरून सुरुवात करता येते. तेही जड गेलं तर डब्यांवरच्या मोठ्या खुणांपुरतं शिका आणि बाकीचं फोनवर सोपवा. तेवढ्यानेही घरात पुष्कळ फरक पडतो.

सहा ठिपके

एका अक्षराच्या चौकटीत सहा जागा असतात, डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे वरून खाली ४, ५, ६. शिक्षक हिला सेल म्हणतात. कोणते ठिपके उठले आहेत त्यावरून अक्षर ठरतं आणि अशा एकूण ६३ खुणा होतात. सहाच का, याला कारण आहे. फ्रान्सच्या शार्ल बार्बिए यांची आधीची पद्धत बारा ठिपक्यांची होती. तिची एक खूण बोटाच्या पेरात मावत नसे, बोट वर-खाली फिरवावं लागे. लुई ब्रेल याने १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती अर्ध्यावर आणली आणि खूण बोटाखाली एकदम बसू लागली. नवशिक्याने यातून घ्यायचं ते एवढंच की अक्षरावर बोट घासायची गरज नाही.

घरी सहा अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे उभा धरा आणि त्यात लिंबं ठेवून अक्षरं तयार करा. हे काम डोक्याचं. बसमध्ये, झोपताना, कुठेही मनात म्हणता येतं: अ म्हणजे १, ब म्हणजे १-२, क म्हणजे १-३, ल म्हणजे १-२-३. भारतीय भाषांसाठी जी समान भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली, तीच मराठीला वापरतात. तिच्यात बरीच व्यंजनं इंग्रजी ब्रेलमधल्या त्याच उच्चाराच्या अक्षरांसारखी आहेत. क, ल, म, न, प, र, स यांच्या खुणा 'के', 'एल', 'एम', 'एन', 'पी', 'आर', 'एस' यांच्याच. त्यामुळे एक लिपी बसली की दुसरीचं निम्मं काम झालेलं असतं.

अक्षरांआधी ओळ

पहिला आठवडा अक्षर वाचूच नका. नुसत्या भरलेल्या चौकटींच्या, म्हणजे सहाही ठिपक्यांच्या 'ढ'च्या, ओळी घ्या आणि त्यांवर दोन्ही हात डावीकडून उजवीकडे सरकवा. मध्ये एक जागा रिकामी सोडलेली असेल ती शोधा. मग 'ढ'च्या रांगेत एखादा 'अ' लपवायला सांगा. हे पोरकट वाटतं, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

हात कसा धरायचा: नखाजवळचं टोक टेकवू नका, पेराचा मऊ भाग टेकवा. दाब एवढा हलका की कागद हलू नये. दाबलं की जास्त कळेल असं वाटतं, होतं उलट, दोन-चार मिनिटांत बोट बधिर होतं. सरकणं आडवं. अक्षर कळलं नाही तर जागेवर गोल-गोल घासण्याऐवजी शब्दाच्या सुरुवातीला जाऊन पुन्हा सरका. घासायची सवय एकदा लागली की मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. डावा हात ओळीची सुरुवात धरून ठेवतो, उजवा पुढे जातो. उजवा ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत डाव्याने पुढची ओळ शोधलेली असली पाहिजे.

दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं बसा. सलग तास बसण्यात काही मिळत नाही, शेवटची चाळीस मिनिटं बोट काही शिकत नसतं.

अक्षरांचा क्रम आणि आरशातल्या जोड्या

मुळाक्षरांच्या क्रमाने जाऊ नका. मराठी ब्रेलमध्ये कितीतरी अक्षरं एकमेकांची आरशातली रूपं आहेत आणि नेमकी उच्चाराने जवळची. क १-३, तर ख ४-६. ब १-२, तर भ ४-५. ल १-२-३, तर ळ ४-५-६. ओ १-३-५, तर औ २-४-६. इ २-४, तर ए १-५. पाठ करायला ही सोय आहे, बोटाला मात्र ताप. सुटा 'क' आणि सुटा 'ख' बोटाला एकसारखेच लागतात, कारण दोन्हीत मध्ये जागा सोडून दोन ठिपके एकाखाली एक आहेत. ते चौकटीच्या डाव्या बाजूला आहेत की उजव्या, हे शेजारी दुसरं काही असल्याशिवाय कळायचं कसं?

म्हणून या जोड्या सुट्या शिकू नयेत, शब्दात शिकाव्यात. शेजारचं अक्षर किती लांब आहे त्यावरून बोट ओळखतं. 'कार' आणि 'खार', 'बाजी' आणि 'भाजी', 'वेल' आणि 'वेळ' अशा जोड्या ओळीत लिहून घ्या. सुटं अक्षर तपासायचंच असेल तर त्याच्या आधी 'ढ'ची भरलेली चौकट घाला, म्हणजे मोजायला आधार मिळतो. जोडीतलं एक अक्षर शिकलात की त्याचा आरसा त्याच आठवड्यात घेऊ नका. आधी ल पक्का होऊ द्या, ळ नंतर.

मी सुरुवात अ, ब, क, ल, ग या पाचांपासून करते. एवढ्यात 'बगल', 'अकल' आणि माझा आवडता 'लगबग' हे शब्द तयार होतात. पुढे म घातला की 'कमल', 'कलम'. अक्षरं सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात एक तरी पूर्ण शब्द वाचता आला पाहिजे. सुटी अक्षरं ओळखत बसलेला मोठा माणूस फार लवकर कंटाळतो.

इ आणि ए यांच्याव्यतिरिक्त ज्यांवर सगळे अडखळतात त्या जोड्या म्हणजे ह (१-२-५) आणि ज (२-४-५), न (१-३-४-५) आणि ड (१-२-४-६), र (१-२-३-५) आणि ठ (२-४-५-६). या यायला वेळ लागला तर तुमच्या बोटात काही खोट नाही. शाळेत ब्रेल शिकलेल्या मुलांचाही इथे गोंधळ होतो.

काना-मात्रा आणि जोडाक्षरं

डोळ्यांनी मराठी वाचलेल्यांना इथे थोडं जुनं विसरावं लागतं. ब्रेलमध्ये काना, वेलांटी, उकार अशी वेगळी चिन्हं नाहीत. व्यंजनापुढे सरळ स्वर लिहायचा. 'किती' म्हणजे क, इ, त, ई. छापील ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, तिची सवय हाताला असते. इथे ती बोलण्याच्या क्रमाने नंतर येते.

मग 'मऊ' कसं लिहायचं? म आणि ऊ जोडले तर 'मू' होईल. म्हणून मध्ये अ घालतात: म, अ, ऊ. तसंच 'सई' म्हणजे स, अ, ई. 'बाई'ला ही अडचण नाही. ब नंतर आ आला, त्यानंतरची ई आपोआप सुटी वाचली जाते.

जोडाक्षरासाठी पाय मोडायची खूण म्हणजे एकटा ४ हा ठिपका. ती जोडाक्षराच्या आधी येते. 'पत्र' म्हणजे प, मग ४, मग त, र. 'सूर्य' म्हणजे स, ऊ, मग ४, मग र, य. रफार डोक्यावर, रकार पायाशी, ही भानगड ब्रेलमध्ये नाहीच. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतंत्र खुणा आहेत. अनुस्वार ५-६, तो अक्षरानंतर येतो. एकट्या ठिपक्यांच्या खुणा (अ १, स्वल्पविराम २, पायमोड ४, विसर्ग ६) शेवटी नीट घोटा, कारण एकटा ठिपका चौकटीत नक्की कुठे आहे हे ओळखणं सगळ्यात कठीण.

आकडे लवकर घ्या

पुस्तकांत आकडे शेवटी असतात. मी ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घेते, कारण त्यांचा उपयोग लगेच होतो. आधी अंकाची खूण ३-४-५-६, मग १ साठी अ-ची खूण, २ साठी ब-ची, ३ साठी च, ४ साठी द, ५ साठी ए, ७ साठी ग, ८ साठी ह, ९ साठी इ, ० साठी ज. सहासाठी १-२-४. अंकाची खूण आणि 'ण' एकच आहे, पण मराठी शब्द ण-ने सुरू होत नाहीत, त्यामुळे घोटाळा होत नाही.

लिफ्टच्या बटणांशेजारी आकडे असतात. मतदान यंत्रावरही निळ्या बटणाजवळ उमेदवाराचा क्रमांक ब्रेलमध्ये असतो. कोणाला बरोबर न घेता स्वतः बोटाने क्रमांक चाचपून मत देणं, यासाठी आकडे शिकायला एक आठवडा लागला तरी वसूल.

लिहिणं

सुरुवातीला ब्रेल पाटी (चौकटींच्या खाचा असलेली पट्टी) आणि स्टायलस (ठिपके टोचायचा टोच्या) पुरतात, स्वस्त असतात आणि पिशवीत मावतात. कागद नेहमीचा चालत नाही. तो जाड लागतो, नाहीतर फाटतो किंवा ठिपके दबून सपाट होतात. पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहायचं, कारण ठिपके मागच्या बाजूला उठतात आणि वाचायला कागद उलटावा लागतो. इथे शिकवणारे अनेकदा "सगळं उलटं लिहा" असं सांगून विद्यार्थ्याला घाबरवतात. त्यापेक्षा असं लक्षात ठेवा की हात ज्या दिशेने चालला आहे त्या दिशेने आधी लागणारा खांब १-२-३ आणि नंतरचा ४-५-६. वाचतानाही हेच खरं, लिहितानाही हेच. मग डोक्यात दोन वर्णमाला ठेवाव्या लागत नाहीत.

ब्रेलर, म्हणजे सहा कळांचं टंकयंत्र, मिळालं तर उत्तमच. त्यात अक्षर सरळ उमटतं आणि लगेच वाचता येतं. पण ते जड आणि महाग असतं. विकत घेण्याआधी संस्थेत बसून वापरून पाहा.

घरात वापर सुरू करा

पंधरा-वीस अक्षरं आली की थांबू नका, डब्यांना चिकटवायला घ्या. जाड प्लॅस्टिकच्या पट्टीवर स्टायलसने लिहून मागे दुहेरी टेप लावा. पूर्ण शब्द नको, 'हळ', 'जि', 'मोह' एवढं पुरे. गोल झाकणावर चिकटवू नका. झाकण फिरलं की खूण उलटी होते आणि उलटा 'ज' सरळ 'फ' वाचला जातो. डब्याच्या अंगावर लावा आणि पट्टीचा वरचा डावा कोपरा कापून ठेवा.

पत्ते हे माझ्या मते प्रौढांसाठी सगळ्यात चांगलं पाठ्यपुस्तक. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा आणि बदाम, चौकट, किलवर, इस्पिक यांची पहिली अक्षरं टोचून घ्या. दोन-तीन खुणा झटकन ओळखाव्या लागतात, समोरचा ताटकळलेला असतो आणि खेळाच्या नादात सराव कधी झाला ते कळतही नाही. मुलांच्या अंकलिपीत 'कमल नमन कर' वाचण्यापेक्षा साठीच्या माणसाला हे जास्त मानवतं.

घरच्यांसाठी दोन शब्द. एकाने तरी डोळ्यांनी ब्रेल शिकून घ्यावं. डोळ्यांना ते सोपं जातं, थोड्या संध्याकाळी पुरतात. मग घरात चिठ्ठी ठेवता येते. शिकणाऱ्याचं बोट धरून अक्षरावर नेऊ नका, ते सुन्न होतं. तुमच्या हातावर त्याचा हात ठेवू द्या. आणि तो चाचपत असताना अक्षर सांगून टाकू नका.

अडकल्यासारखं वाटेल तेव्हा

तीन-चार महिन्यांनी एक टप्पा येतो. सगळी अक्षरं येतात, पण एक ओळ वाचायला इतका वेळ लागतो की शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. इथे पाठ असलेला मजकूर कामाला येतो. आरती, अभंग किंवा शाळेतली कविता ब्रेलमध्ये लिहून घ्या आणि ओठांवरच्या वेगाने हात चालवा. हे खरं वाचन नाही, अर्धं अंदाजाने चाललेलं असतं. चालू द्या, इथे हाताला न थांबता सरकायची सवय लागते. दुसऱ्या बैठकीत मात्र अनोळखी मजकूर घ्या, नाहीतर अंदाज लावण्याचंच शिक्षण होतं. मधुमेह असेल तर साखर वर-खाली झालेल्या दिवशी बोटालाही फरक जाणवू शकतो. तो दिवस सोडून द्या.

इंग्रजी ब्रेलमधली संक्षिप्त रूपं या काळात अजिबात उघडू नका. मराठीचा वेग बसल्यावर त्यांचं बघता येईल.

शिक्षक आणि वाचायचं साहित्य

पहिले काही धडे तरी माणसाकडून घ्या, हाताची ठेवण पुस्तकातून सुधारत नाही. मुंबईत वरळीला १९५२ मध्ये स्थापन झालेली 'नॅब', म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, आहे आणि राष्ट्रीय पातळीवर डेहराडूनची दृष्टिदिव्यांगजनांसाठीची राष्ट्रीय संस्था. तुमच्या जिल्ह्यात अंधशाळा असेल तर तिथल्या शिक्षकांना विचारा. त्या मुलांसाठी असल्या तरी शिक्षक संध्याकाळी मार्गदर्शन करायला तयार होतात, असा माझा अनुभव आहे. चौकशी करताना "प्रौढांना शिकवलं आहे का?" हे जरूर विचारा, मुलांना शिकवणं वेगळं. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र काढलं नसेल तर आधी तो अर्ज करा. केंद्राच्या एडिप योजनेसारख्या योजनांतून साधनं मागताना ते लागतं.

वाचायला फेब्रुवारी २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी सुरू केलेल्या 'स्पर्शज्ञान' या मराठी ब्रेल पाक्षिकाचे अंक मागा. छोटे लेख, मोठ्यांसाठीचे विषय. २०१६ मध्ये सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. ब्रेल पुस्तकं जाडजूड असतात, एका छापील पुस्तकाचे अनेक खंड होतात, पण भारतात अंधांसाठीच्या साहित्याला साध्या टपालाने पाठवताना टपालखर्च लागत नाही. तेव्हा लांबच्या ग्रंथालयाकडूनही खुशाल मागवा. मागवताना पहिली काही पुस्तकं एकाच बाजूला छापलेली मागा. दोन्ही बाजूंनी छापलेल्या पानात मागचे ठिपके खळग्यांसारखे लागतात आणि नवख्या बोटाला उंचवटा कोणता, खळगा कोणता हे लगेच उमगत नाही.